बिनकाठाचा डबा

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात सीताराम वीस वर्षं डबे घडवत होता. माणूस तिरसट, पण हात सोन्याचा. लग्नाच्या वर्षी त्यानेच घडवून घरी नेलेल्या डब्याच्या धारेने बायकोचा, वैजयंताचा, तळहात चिरला. तेव्हापासून काठ दुमडल्याशिवाय भांडं हातावेगळं करायचं नाही, हा त्याचा हट्ट.

१९९८ साली मी जवळच्याच पूनम सागर वसाहतीत राहायचे आणि मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करायचे. दूरच्या अंतराळातून येणारे किरण मोजणारा आमचा उपग्रह जेमतेम देवघराएवढा. एका मोठ्या उपग्रहासाठी निघालेल्या रॉकेटवर, उरलेल्या कोपऱ्यात त्याला जागा मिळाली होती. फुकट जाणाऱ्याला अटी फार! वजन ग्रॅमभर जरी वाढलं, तरी आमच्या जागी रॉकेटचा तोल राखायला शिशाचा ठोकळा जाणार होता. आतल्या यंत्रावरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा मी सीतारामकडे घडवायला दिला.

डबा सुरेख झाला, पण अठरा ग्रॅम जास्त भरला. ड्रॉइंगमध्ये नसलेला काठ त्याने सवयीने दुमडला होता. माझं डोकंच फिरलं. सोमवारी उपग्रह रॉकेटवाल्यांकडे तपासणीला पाठवायचा होता आणि सात वर्षांचं काम त्या दुमडीत अडकलं होतं.

"सीतारामभाऊ, काठ कापा."

"धारेचं भांडं माझ्या हातून जाणार नाय. दुसरा कारागीर बघा."

"अहो, वर हात लावायला माणूसच नाहीये!"

"आणि इथे बसवताना कोण लावणार?"

मी म्हटलं, "मीच लावणार. पण हा डबा गेला नाही तर काहीच जाणार नाही."

मग त्याने काठ कापला आणि कानस घेऊन बसला. धार घासायची, स्वतःचा तळहात तिच्यावरून फिरवायचा, पुन्हा घासायची. दुपारचा डबा त्याने उघडलाच नाही. त्याच्या हातावर तीन चरे उठले, चौथा उठला नाही. वजन ठरल्यापेक्षा दोन ग्रॅम कमीच भरलं.

पुढच्या मे महिन्यात रॉकेट उडालं. पेपरात मोठ्या उपग्रहाचा फोटो आला, आमच्यावर एक ओळ. आमचं यंत्र किरण मोजायला लागल्याचं सांगायला मी पेढे घेऊन त्याच्या घरी गेले. वैजयंताबाई हरखल्या. सीतारामने पेढा हातातच धरला.

"मॅडम, तो डबा परत कुणाच्या हातात येणार नाय ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

मग त्याने पेढा खाल्ला.