काचपेपरने घासलेली बंदूक

अण्णांची छर्ऱ्यांची बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून मी लातूरहून नांदेडच्या एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "मॅडम, तंबोरा का?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर अर्ध्या गाडीने ती बघायला मागितली असती.

अण्णा म्हणजे माझे वडील. बंदूक त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेत घेतलेली, विलायती. भूकंपात घर गेलं, आई गेली. ढिगाऱ्यातून जे धड निघालं त्यात ही होती. पुढे लातूरला क्लासेसचं पेव फुटलं, मी तिथे रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि अण्णाही माझ्याकडे आले. आमच्या क्लासमधल्या एका सरांनी सांगितलं की असल्या बंदुका शौकीन लोक मोठ्या किमतीला घेतात. तेव्हापासून अण्णांनी एकच धोशा लावला. "इकायची न्हाई. पन आपल्याकडं काय हाय, ते कळू दे एकदा." इतकी उत्सुकता मी त्यांच्यात कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, म्हणून गेले.

नांदेडचे बंदूक दुरुस्त करणारे कारागीर साठीच्या पुढचे होते. बोलणं कमी. नळी बिजागरीतून खाली वाकवून त्यांनी ती खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. "नळीतले आटे चांगले हायेत." दस्त्याचं लाकूड नखाने टोकरलं, अक्रोडाचं, मूळचंच. साबणाच्या वडीत एक छर्रा मारला आणि काडी घालून तो किती खोल गेला ते पाहिलं. आतला चामड्याचा वायसर वाळलाय, स्प्रिंग थकलीय, पण ते बदलता येतं म्हणाले. मी मनातल्या मनात मार्क देत चालले होते. मग त्यांनी नळीवरून अंगठा फिरवला, आणि फिरवतच राहिले.

"ताई, हितं कंपनीचा छाप ऱ्हातो, नंबर ऱ्हातो. वर काळा-निळा मुलामा ऱ्हातो. कुठं गेला?"

"दर खंडेनवमीला पूजेआधी आम्ही ती साफ करतो."

"कशानं?"

"काचपेपरने. मग खोबरेल लावतो."

त्यांनी बंदूक अलगद टेबलावर ठेवली. "गंजकी आणली असती तरी चाललं असतं. शौकीन मानूस छाप बघून पैसा देतो. आता ही निस्ती चालती बंदूक. नव्या बंदुकीइतकीबी किंमत येनार न्हाई." कुणी घासली, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं.

तो मुलामा म्हणजे लोखंडावर मुद्दाम चढवलेला थर. तो असतो तोवर गंज लांब राहतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत होते आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी काचपेपर घेऊन बसत होते. स्वतःची इतकी चीड मला क्वचितच आली असेल.

परतताना खोटं बोलायचं ठरवलं. अण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"लई किंमत हाय म्हणाले," मी म्हटलं.

"छापाचं काय म्हनाले?"

मग मला सगळं सांगावं लागलं. सांगताना रडू आलं, ते मी लपवलं नाही. अण्णांनी चादर सोडली, बंदूक मांडीवर घेतली.

"पहिल्याच साली गेला तो. मी बघत व्हतो की."

"मग थांबवलं का नाही मला?"

"तुझी माय गेल्यापासून तू तीन हप्ते तोंड उघडलं नव्हतंस. अकरा वर्साचं लेकरू. खंडेनवमी आली, पुजायला आपल्याकडं दुसरं लोखंड उरलं नव्हतं, म्हून ही तुझ्या हातात दिली. ताडपत्रीखाली बसून दिवसभर घासलीस. छाप जाताना दिसत व्हता मला. पन तुझा हात चालू व्हता. आन दिवस मावळताना तू म्हनलीस, अण्णा, भूक लागली."