मिरजेचा फ्लॅश, मेढ्याचा साखरपुडा

अमृताचा साखरपुडा मेढ्यात ठरल्याचं तिच्या भावानं, सुहासनंच सांगितलं. वर म्हणाला, "तुझ्याकडं रीळवाला कॅमेरा हाय नव्हं? चार फोटो काढ की गड्या." त्याला आमचं ठाऊक नव्हतं. त्याच्या आबांना होतं. "कॉलेज अर्धवट, डोकं तापट," म्हणून त्यांनी मला दारातूनच परत पाठवलेलं. तरी हो म्हणालो. लग्नाआधी तिचा एक फोटो मला स्वतःसाठी हवा होता.

मामाच्या छोट्या कॅमेऱ्याला फ्लॅश नाही. साताऱ्याहून सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेला गेलो. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर, रिक्षाचे पैसे धरून चला. वाटेत सांगलीला भडंग घेतलं, तेच जेवण. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीमागं एका जुन्या स्टुडिओत वापरलेले फ्लॅश मिळतात. तिथल्या काकांनी एक लहान, एक दांडगा पुढं ठेवला.

"किती फुटावरनं काढणार?"

"पंचवीस. साखरपुडा हाय."

"पोरगी हाय का बिबट्या?"

मी दांडगा उचलला. नऊशे रुपये, सेल वेगळे. घेताना दोनचारदा उडवून बघा. पाठीवरचा फुटांचा तक्ता पुसलेला नसावा, कारण यात आपोआप काही होत नाही. अंतराप्रमाणे कॅमेऱ्यात उजेड सोडणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर आपणच फिरवायचं.

साताऱ्याहून मेढा एसटीनं तासभर. हॉलमध्ये शेवटच्या खुर्च्यांमागं उभा राहिलो. पंचवीस फूट, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. अंगठी, पेढा, सासूच्या पाया पडणं, सगळं काढलं. नवरा फौजी, सुट्टीवर आलेला. हसायला बरा होता, तेच जास्त झोंबलं.

कार्यक्रम उरकल्यावर ती सरळ माझ्यासमोर आली. दीड हातावर.

"लांबनंच काढणार होतास का रे?"

"किती लांब चालंल ते तुझ्या आबांना विचार."

"आज भांडू नकोस. काढ एक, आणि जेवून जा."

डोक्यात सणक गेली. काही न बदलता बटण दाबलं आणि न जेवता निघालो.

पंधरवड्यानं रीळ धुऊन आलं. लांबचे फोटो झकास. जवळच्यात चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा उजेड, खाली पदराची थोडी जर. माणूस पुढं आलं की आधी फूट मोजा, मग अ‍ॅपर्चर बारीक करा. रागात हे सुचत नाही.

फोटो पोचल्यावर सुहासचा फोन आला, "अंगठीचा लय भारी आलाय. मोठा करून दे, दाजी युनिटला नेणार हाय."

दिला करून, फ्रेमसकट. तिचे जेवढे फोटो बरे आले, त्या सगळ्यांत तो शेजारी उभा आहे.