नमुना म्हणून दिलेला डिस्ट्रिब्युटर

मुलांनो,

मे महिन्यात तुम्ही आलात की आजोबांच्या जुन्या गाडीतून मी तुम्हाला शिरपूरला नेणार, असं फोनवर कबूल केलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांतच गाडी बंद पडली. पुढे काय झालं ते तुमच्या आईला मी अर्धवटच सांगितलं आहे. इथे सगळं लिहिते.

दोष डिस्ट्रिब्युटरचा होता. इंजिनच्या प्रत्येक प्लगला वेळेवर करंट पोचवणारा हा भाग. त्याचा मधला दांडा हलत होता. इथले जळगावचे आमचे मिस्त्री म्हणाले, बदलावा लागेल. ‘आमचे’ म्हणते, कारण तीस वर्षं या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मला गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं. आजोबा शेजारी बसले की नुसते ओरडायचे.

गाडीच्या पुस्तिकेतून त्या भागाचा नंबर मी कागदावर उतरवून दिला. मिस्त्रींनी तो वाचलाही नाही.

“अक्का, नंबर कागदवर ऱ्हास. नग हातमा लागस.”

म्हणजे जुना नग नमुना म्हणून द्या, त्यावरून जोडीचा शोधतो. आपल्याकडे हीच रीत आहे. ब्लाउजपीस आणायचा तर आपण साडीच घेऊन जातो. मी डिस्ट्रिब्युटर वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

आठवड्याने ते दुसरा घेऊन आले. दिसायला तसाच. पण इंजिन कसंबसं सुरू व्हायचं, सायलेन्सरमधून फटाके फोडायचं आणि गप्प व्हायचं. मी चष्मा लावून पुस्तिका उघडली. आमच्या इंजिनात हा दांडा घड्याळाच्या उलट फिरतो. नव्या नगावर कोरलेला बाण सुलट होता. तो दुसऱ्याच इंजिनाचा होता.

“भाऊ, मग माझा जुना परत द्या. दुरुस्त होतो का पाहू.”

“तो भंगारमा गया, अक्का.”

मी विश्वास ठेवला.

महिन्याभराने धुळ्यात माझ्या बहिणीच्या नातवाचं लग्न होतं. नवरीच्या काकांकडे आपल्यासारखीच गाडी निघाली. त्यांनी हौसेने बॉनेट उघडून दाखवलं. डिस्ट्रिब्युटरवर लाल नेलपॉलिशची रेघ होती. ती मीच ओढलेली. भाग काढून परत बसवताना जागा चुकू नये म्हणून, तुमच्या आईच्या बाटलीतून.

“जळगावच्या एका मिस्त्रींनी दिला,” काका म्हणाले. “एकदम ओरिजिनल. आतल्या दांड्याभोवतीचं एक झिजलेलं बुश बदललं, बस.”

मांडवात नवरीच्या काकांना काय सांगणार? “छान ठेवली आहे गाडी,” मी म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले. आग्रहाने वाढलेल्या बट्ट्या ताटात तशाच राहिल्या.

जळगावला परतल्यावर गॅरेजात गेले. मिस्त्रींनी काही नाकारलं नाही.

“अक्का, आते तुम्ही कथा गाडी चालावतस? उभी उभी सडी जाई ती. नग कोना तरी कामले उना.” म्हणजे, आता मी कुठे गाडी चालवते, ती उभ्या उभ्या सडणार; नग निदान कुणाच्या तरी कामाला आला.

नुसत्या लोभाने विकला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. पण ज्याने मला क्लच सोडायला शिकवलं, त्यानेच मनातल्या मनात माझं गाडी चालवणं संपवून टाकलं होतं. माझी गाडी सुरू होण्याची आता गरज नाही, असं धरूनच त्यांनी तो भलता नग आणला होता. वर ती अडखळताना माझ्यासमोर डोकं खाजवत उभे राहिले होते.

“परत मागून आणतो,” म्हणाले. मी नको म्हटलं. नव्या सोयरिकीत माझ्या डिस्ट्रिब्युटरवरून बोलणं कशाला?

मग नंबर लिहून मी परगावच्या पाच दुकानांना ई-मेल पाठवले. एकाकडून बरोबर नग आला, उलट्या बाणाचा. धुळ्याच्या एका तरुण मेकॅनिकने इथे येऊन तो बसवून दिला. कामात चोख आहे. मला मॅडम म्हणतो, चहा घेत नाही.

पहिल्याच सकाळी मी गाडी मुद्दाम जुन्या गॅरेजवरून नेली. मिस्त्री कुणाच्या तरी बॉनेटखाली वाकले होते. आवाज ऐकताच न बघता त्यांनी गाडी ओळखली असणार. मान वर करण्याआधीच हात उचलला. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पुढे गेले.

तुम्ही या. शिरपूरला मीच नेईन. फक्त वाटेत गाडी कुरकुरली तर फोन कुणाला करायचा, ते अजून ठरवता आलेलं नाही.