पुतळ्यांचा रॅम्प

मागच्या वर्षी शिमग्याला बायको कोकणात गावी गेली, आणि मी अंबरनाथच्या घरात रोजावर ठेवलेल्या माणसाबरोबर पाच दिवस काढले. माणूस वाईट नव्हता. वेळेवर जेवायला द्यायचा, मला कुशीवर वळवायचा आणि उरलेला वेळ मोबाइलवर क्रिकेट बघायचा. पण गावची पालखी मी जन्मात चुकवली नव्हती. वडील गेले त्या वर्षीही गेलो होतो, ऑर्डरची घाई असताना शेठशी भांडूनही गेलो होतो. पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा बायकोनं व्हिडिओ कॉल लावला. मला कुणाचीतरी पाठ दिसली आणि ढोल ऐकू आला, बस. मी रडलो. त्या माणसानं हे तिला सांगितलं नाही, एवढे त्याचे उपकार.

म्हणून या खेपेला डिसेंबरातच विषय काढला.

"एवढा लांबचा प्रवास, मला झेपेल का तुम्हाला घेऊन?" बायको म्हणाली. तिचा खांदा दुखतो. मला उचलून उचलूनच दुखतो, त्यामुळे त्यावर मला बोलता येत नाही. दोन दिवसांनी तीच म्हणाली, "आधी एक दिवस बाहेर काढून बघते. तो धड पार पडला तर शिमग्याला नेईन. नाही पडला तर पुन्हा हट्ट करायचा नाही."

मुलगी बदलापूरला असते. तिच्या सहा वर्षांच्या लेकीला बारवीच्या रस्त्यावरचं पार्क बघायचं होतं, पाळणे, घसरगुंड्या आणि भूतबंगला असलेलं. एका दगडात दोन पक्षी, असं मायलेकींनी ठरवलं. त्यातला एक पक्षी मी.

मी उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात तीस वर्षं कटिंग मास्तर होतो. शेठ सिंधी, मला "मास्टर साईं" म्हणायचा आणि माझ्या कातरीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. सगळं आयुष्य उभ्यानं गेलं. दीड वर्षापूर्वी मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि मानेखालची जाणीव गेली, कमरेखालचं तर सगळंच गेलं. डाव्या हातात जोर नाही, उजवा घास तोंडाशी नेण्यापुरता. जीभ मात्र शाबूत आहे, पण खुर्चीत बसल्यापासून तिला गिऱ्हाईक उरलेलं नाही. डॉक्टर बायकोला विचारतो, "यांना भूक लागते का?" शेजारी मुलीला विचारतात, "बाबा ओळखतात ना?" सुरुवातीला मी खेकसायचो. मग बोलणंच कमी केलं, आधी रागानं आणि नंतर सवयीनं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी गेलो, गर्दी नको म्हणून. गर्दी नव्हतीच. एवढा मोठा पाळणा, त्यात एकही माणूस नाही, आणि तरी तो फिरत होता. बहुतेक मशीन बंद पडू नये म्हणून फिरवत असावेत. एकामागून एक रिकामे डबे माझ्या डोक्यावरून जात होते आणि स्पीकरवर लहान मुलांचं गाणं मोठ्यानं वाजत होतं. मला ते बरं वाटलं नाही. पण त्या दिवशी तक्रार नाही, तहान नाही, ऊन लागतंय नाही, असं मी घरातूनच ठरवून निघालो होतो. शिमगा समोर दिसत होता ना.

प्रत्येक खेळाला पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीशी एक गणवेशातला माणूस होता, आणि तो माझ्याकडे बघून बायकोशी बोलायचा. मी कठड्यापाशी थांबायचो, मांडीवर पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या. नात वरून हात हलवायची, मी उजवा हात जमेल तेवढा उचलायचो. अकरापर्यंत माझी परीक्षा उत्तम चालली होती.

भूतबंगल्याशी नातीनं आजीचा हात सोडला नाही. आई आणि आजी दोघी हव्यात, नाहीतर ती जाणार नाही. दारावरचा माणूस बायकोला म्हणाला, "मॅडम, चेअर आत नाही जाणार. अंकलना तिकडे सावलीत ठेवा. रॅम्प आहे तिथे."

अख्ख्या पार्कात तेवढाच एक रॅम्प होता. समोरच्या बाजूला त्यांनी जुन्या खेड्याचा देखावा केला होता. लांबलचक चौथरा, वर पत्र्याची शेड, आणि ओळीनं माणसाएवढे पुतळे. कुंभार, लोहार, जात्यावर बसलेली बाई, शिंपी, भिंतीला टेकलेला म्हातारा. रॅम्प मागच्या अंगानं होता, कारण रंग द्यायला पुतळे ढकलगाडीवरून खाली न्यावे लागत. मुलीनं मला त्यावरून वर चढवलं, शिंपी आणि म्हातारा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत खुर्ची लावली आणि ब्रेक दाबला. ऊन तिरपं येत होतं, म्हणून गुडघ्यांवर शाल टाकली. पुढं हातभर उंचीची मातीची भिंत होती, तिच्यामागं चाकं झाकली गेली.

"बाबा, दहा मिनिटं," ती म्हणाली आणि गेली.

वर चढताना पुतळ्यांच्या पाठी दिसल्या होत्या, आणि मी आता त्यांच्याबद्दलच विचार करत होतो. समोरून सगळे नीट सदरे, बंड्या, चोळी. मागून कॉलरपासून खालपर्यंत उभे चिरलेले आणि नाड्यांनी बांधलेले. त्यात नवल काही नाही. पुतळ्याचा हात वाकत नाही, त्याला सदरा घालायचा तर पाठ चिरावीच लागते. दुकानातल्या पुतळ्यांसाठी मी स्वतः असे कपडे कापून दिले आहेत.

आणि माझ्या अंगातला शर्टही तसाच होता. ऑपरेशननंतर हात मागं जाईना, तेव्हा मीच बायकोला सांगितलं होतं, मधोमध पाठ चीर, दोन इंच एकावर एक येऊ दे, नाड्यांऐवजी वेल्क्रो लाव. सहा शर्ट तसे करून घेतले. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मी त्यावर खूश होतो. तिथं बसल्याबसल्या मला पहिल्यांदा समजलं की ही युक्ती मी कुठून आणली होती. मानेवर काटा आला. मानेखाली तो मला कळत नाही.

दहा मिनिटं झाली. भूतबंगल्याच्या स्पीकरमधून एक बाई ठरावीक वेळानं किंचाळत होती. त्यात मधेच खऱ्या बायकांच्या किंकाळ्या मिसळायच्या आणि कोणती कुठली ते ओळखू येत नव्हतं. शिंप्याच्या मशीनच्या सुईत दोरा नव्हता. मी इतका वेळ तिकडं बघत राहिलो की शिंपी आता मान वळवेल असं वाटायला लागलं. मग मी समोर बघायला लागलो.

वांगणीकडच्या पाड्यांवरच्या बायकांचा एक घोळका आला. बचत गटाची सहल असावी, सगळ्यांच्या केसांत एकसारखी अबोली होती. कुंभाराशी हसल्या, लोहाराबरोबर फोटो काढला, सरकत सरकत माझ्यापर्यंत आल्या. मी आता हसणार, काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांतली एक म्हणाली, "डोलं बघ त्याचं. कसं खरं केलंत."

"जित्ताच वाटं," दुसरी म्हणाली.

बोलायला हवं होतं. एक खाकरणं पुरलं असतं. पण त्या घाबरतील, आरडाओरडा होईल, माणसं धावतील, बायकोला आतून बोलावतील, आणि संध्याकाळी ती म्हणेल की बघा, नाही जमत. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी पापणीसुद्धा हलू दिली नाही. घोळक्यातली सगळ्यांत म्हातारी बाई पुढं आली. भिंतीवरून वाकून तिनं शाल बाजूला केली आणि माझ्या पायांवर दोन्ही हात ठेवले. तिच्याकडं वडीलधाऱ्याच्या पाया पडायची रीत असेल, मग तो मातीचा का असेना. "आमचा बाबा असाच बसं," ती म्हणाली. तिचे हात माझ्या पावलांवर आहेत हे मला दिसत होतं. कळत नव्हतं. तिलाही काही कळलं नाही, कारण माझे पाय नेहमीच गार असतात.

त्या गेल्या. मी दम सोडला, आणि सोडल्यावर लक्षात आलं की तो मी धरून ठेवला होता. मला स्वतःची भीती वाटली, असं सरळ सांगतो. पुतळ्यांची नाही. पुतळे निदान दुसऱ्यानं बसवले होते.

मग पुसणारी आली. साफसफाईची बाई, कानात इयरफोन, हातात बादली आणि ओलं फडकं. ती कुंभारापासून सुरू करून एकेकाचं तोंड पुसत येत होती, कपाळ, गाल, हनुवटी, फडकं पिळून पुढचा. कुणाशीतरी फोनवर बोलत होती, बहुतेक बहिणीशी, गॅसच्या सिलिंडरवरून. जात्यावरची बाई झाली, शिंपी झाला. आता तरी बोल, मी स्वतःला म्हणालो. फडकं माझ्या कपाळावर आलं. ते गार होतं. सकाळपासून मी ऊन आणि तहान गिळून बसलो होतो, आणि ते इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटले.

तिचा हात थांबला. फोनवरचं वाक्य अर्धंच राहिलं. मी डोळे उघडले तेव्हा ती दोन पावलं मागं होती आणि फडक्यातून पाणी ठिबकत होतं. ओरडली नाही. एक इयरफोन काढून ती हळू आवाजात म्हणाली, "काका, बोलायचं ना."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. घशात काही अडकलं नव्हतं, दुखत नव्हतं, फक्त आवाज कुठून काढायचा तेच क्षणभर सापडेना. ती मग बादली उचलून गेली आणि माझ्या पलीकडचा म्हातारा तसाच धुळीत राहिला.

बायको, मुलगी आणि नात आल्या तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. नातीला भूतबंगला दोनदा बघायचा होता, मग आरशांचं घरही. तिघी घामेजल्या होत्या, खुशीत होत्या. मुलीनं मला रॅम्पवरून उतरवलं आणि खाली ब्रेक लावला.

"बाबा किती शांत बसले गं," ती आईला म्हणाली. "काही त्रासच नाही."

"मग काय. यांना शिमग्याला न्यायला हरकत नाही," बायको म्हणाली.

मी पास झालो होतो. याच एका वाक्यासाठी महिनाभर जीव टाकला होता, आणि ते कानावर पडल्यावर मला गावचं अंगण दिसलं. पालखी येतेय, आणि मी ओसरीवर, शाल पांघरून, शांत, काही त्रास नाही. येणारे जाणारे पाया पडून पुढं जातायत.

आवाज आला. फाटका आला, पण आला. "मला असं कुठं ठेवून जायचं नाही," मी म्हणालो. "तहान लागली की मी मागणार. ऊन लागलं की ओरडणार. तुझ्याच्यानं तसं होणार नसेल, तर शिमगा राहू दे."

मुलगी नातीला घेऊन पाण्याच्या नळाकडं गेली. बायको माझ्या मागं होती, खुर्चीच्या मुठी धरून. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. ती चिडेल असं वाटलं.

"मी मधे एकदा आले होते बाहेर," ती म्हणाली. "तुम्हाला पाणी द्यायला. तिथनं, त्या दारातनं बघितलं. ओळीत सगळे बसलेले. त्यांत तुम्ही कुठले, ते मला कळेना."

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली आहेत.

"मग हाक मारायचीस," मी म्हणालो.

"तोंडाशी आली होती." तिनं ब्रेक सोडला, पण खुर्ची ढकलली नाही. "पण हाक मारली आणि तुम्ही ओ दिली नाहीत, तर? मला भ्यायला झालं हो. परत आत गेले."

"ओ," मी म्हणालो. तिनं हाक मारली नव्हती, तरी म्हणालो.