पाहिल्याचे अंगठे

ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात मी धडा आधी मोबाईलवर पाठवायचो आणि वर्गात फक्त सराव घ्यायचो. व्हिडिओ पाहिला की ग्रुपवर अंगठ्याचं चिन्ह टाकायचं, असा नियम होता. जुळे सोलापुरातल्या वर्गाच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे अंगठे आले.

धडा चिडलेल्या वाचकाचा होता. व्हिडिओच्या शेवटी सूचना होती: सरावात आपल्यातलाच एकजण न सांगता वाचक बनून अंगावर येईल.

बार्शीच्या बाई टेबलाशी वर्तमानपत्रांची फाइल दाभणाने शिवत होत्या. महिन्यापूर्वी त्यांच्या वाचनालयात एका वाचकाने त्यांना स्टूल फेकून मारलं होतं. कपाळावरचा व्रण ताजा होता. कमिटीने वाचकाला काही विचारलं नाही. बाईंना मात्र बजावलं, वाचक सांभाळता येतात असं प्रमाणपत्र आणा, नाहीतर काम सोडा.

करकंबच्या वयस्क ग्रंथपालांना मी मुद्दाम बाहेर थांबवलं होतं. त्यांना कुणीच ओळखत नव्हतं. ते खुर्ची लाथाडत आत आले, "माझं पुस्तक कुटं हाय?" म्हणून ओरडले आणि बाईंसमोरची फाइल खेचू लागले. बाईंनी दाभण त्यांच्या हातात खुपसला. टोक तळव्यातून बाहेर आलं. तो उपसून बाईंनी पुन्हा उगारला, तेव्हा वर्गातल्या दोघांनी त्यांना मागून धरलं.

"अवो बाई, मी नाटकातला वाचक!"

"कसलं नाटक?"

बाईंनी व्हिडिओ पाहिलाच नव्हता. घरात मोबाईल एक, तो मुलीच्या अभ्यासाला. "सगळ्यांनी अंगठा टाकला, मीबी टाकला," त्या मला म्हणाल्या.

दवाखान्यात करकंबच्या ग्रंथपालांनी डॉक्टरांना सांगितलं, "फाइल शिवताना लागलं." टाके पडत असताना ते बाईंकडे वळले. "लई जोरात घातला की! त्या स्टूलवाल्याला का न्हाई?"

"तवा हातात दाभण नव्हता, काका."

मी अहवालात घडलं ते लिहिलं: वार, जखम, न पाहिलेला व्हिडिओ. सूचना वर्गात तोंडी दिली नव्हती, हेही लिहिलं. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने बाईंचं प्रमाणपत्र अडवलं. पंधरवड्यात कमिटीने त्यांना काढून टाकलं.

करकंबहून फोन आला. "हात माझा फुटला, काम बाईंचं गेलं. तुमचं काय झालं, सर?"

मला पुढचा वर्ग मिळाला होता.