आईच्या दंडावरचे निळे डाग

मैत्रिणींनो, आज सकाळी रावेतला भावाकडे गेले तर आईच्या दोन्ही दंडांवर निळेकाळे डाग.

"कुठं आपटलीस का?"

"न्हाई गं, आपोआप उठलेत."

वहिनी नजर चुकवून आत गेली. खरं सांगते, माझ्या मनात नको ते आलं. आईला तडक डॉक्टरांकडे नेलं. वहिनीही गुपचूप सोबत आली. तेही मला खटकलं.

आईच्या हृदयाची झडप बदललीय, म्हणून ती रक्त पातळ करायची गोळी घेते. डॉक्टर म्हणाले, "रक्त पाण्यासारखं होत नाही, गुठळी धरायला वेळ लागतो. त्यामुळे झडप वाचते, पण जरासा धक्का लागला तरी आत रक्त पसरू शकतं. आणखी काही घेता का, आजी?"

आई वहिनीकडे बघू लागली. शेवटी वहिनीच बोलली, "आई गुडघ्यांसाठी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणतात. कुणाला सांगू नको, अशी शपथ घातलीय मला."

दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या की रक्तस्राव वाढतो, म्हणून डॉक्टरांनी त्या दुखण्याच्या गोळ्या लगेच बंद केल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. धोका वेळेवर कळला, म्हणाले.

रिक्षात वहिनी हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला काय वाटलं ते कळलं मला." मला मान वर करता आली नाही.

माझ्या जागी तुम्ही असता, तर तिला काय म्हणाल्या असता?