ढिगातले दगड

"बाई आत जायला लागली तवाच मी बोललो व्हतो," फोरमन सगळ्यांदेखत ओरडला. "घ्या आता! फोडा नारळ हिच्या नावानं!"

बोगद्यात खोदायचं मशीन बंद पडलेलं, पुढचे कटर तुटलेले. छोटे साहेब, तिथले तरुण इंजिनीअर, माझ्यापुढं येऊन उभे राहिले. म्हणाले, "मावशींचं नाव घ्यायचं नाही. चूक माझ्या हिशोबाची आहे." मी मान खाली घालून गप्प.

त्या गप्प बसण्याबद्दल मी कुणाशी बोललेले नाही. नवरा गेला, त्यालाही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगते.

नाशिकहून पेठच्या बाजूला, डोंगरात पाण्याचा बोगदा चालला होता. छोटे साहेब तिथं कॉम्प्युटरला शिकवत होते — दुसरीकडच्या बोगद्यांत असलं मशीन कुठल्या दगडात किती वेगानं गेलं, ते सगळं त्याला दिलेलं. त्यावरून त्यानं सांगायचं, इथं जोर किती लावायचा. पण इथला दगड कसा आहे, हे त्याला कळायला नको? म्हणून रोज आत मशीनपाशी जाऊन ताजे दगड आणायचे, पिशवीवर तारीख घालायची. मी चौथी शिकलेली, तेवढं येत होतं. बाईनं बोगद्यात पाऊल टाकू नये, असं मजूर मानायचे. साहेबांनी भांडून मला ते काम दिलं.

आत उकडायचं, चिखल पोटरीपर्यंत. काही दिवस गेले मी. मग — काय सांगू? कंटाळा आला. भीती नव्हती, कुणी अडवलंही नव्हतं. बोगद्याच्या तोंडाशी दगडांचा जुना ढीग होता, पावसानं ठिसूळ झालेला. त्यातलेच काळे दगड वेचायचे, आत जरा आडोशाला बसायचं आणि पिशवी घेऊन बाहेर यायचं. साहेब ते दगड यंत्रात दाबून फोडायचे, किती जोराला फुटला तो आकडा कॉम्प्युटरला द्यायचे. तो म्हणाला, दगड मऊ आहे, जोर वाढवा. वाढवला. पुढं अखंड कातळ होता.

फोरमन म्हणत होता, बाई आत गेली म्हणून झालं. झालं होतं मी पार आत गेले नाही म्हणून. एवढंच बोलायचं होतं. का नाही बोलले? काम गेलं असतं — पण तेवढंच नाही. इतक्या माणसांपुढं साहेब माझी बाजू घेत होते, ते मला बरं वाटत होतं.

मोठे साहेब म्हणाले, दुसरीकडचं शिकलेलं इथं चालत नाही. कॉम्प्युटर गुंडाळला. छोट्या साहेबांना काढून टाकलं. जाताना ते मला म्हणाले, "मावशी, लोकांचं मनावर घेऊ नका."

बोगदा आरपार होईपर्यंत मी तिथंच कामाला होते.